जाईबाईंचा अखंड धवला

ठाकुर्लीच्या वासंती कर्णिकांना स्वतःला गाता यायचं नाही, पण गाणं मध्येच तुटलेलं मात्र अजिबात खपायचं नाही. विमा कंपनीच्या संगणक विभागात नोकरी, वय पंचेचाळीस, स्वभाव कडक. १९९९ साली एका मासिकासोबत लिनक्सची सीडी आली, बाईंनी ती घरच्या कॉम्प्युटरवर चढवली, आणि तेव्हापासून आमटी ढवळायचं काम नवऱ्याकडे, प्रभाकररावांकडे आलं.

हा सगळा खटाटोप जाईबाईंसाठी होता. जाईबाई म्हणजे ठाण्याच्या चेंदणी कोळीवाड्यातल्या धवलारीण. लग्नातल्या एकेका विधीचं गाणं, धवला, त्यांना तोंडपाठ. वासंतीबाईंच्या माहेरी त्या मासळी घेऊन यायच्या आणि ओट्यावर बसून गाऊनही दाखवायच्या. तोच आवाज बाईंना जपून ठेवायचा होता.

एका रविवारी जाईबाई आल्या, माइकसमोर ऐसपैस बसल्या आणि खड्या आवाजात गायल्या. रेकॉर्डिंग लावलं तर दर दोन ओळींनी टक्! आणि एखादा शब्द गडप.

"आगो बाय, तुजे मशीनला उचक्या लागल्यान! पानी पाज तिला."

"मावशी, तुकड्या-तुकड्यानं गाल का? मी नंतर जोडते."

"धवला मधी तोराचा नय! नवरी उंबऱ्यावंच र्‍हाल."

झालं! बाईंनी पदर खोचला. रोज ऑफिसातून आल्या की खांद्यावरची पर्सही न काढता कॉम्प्युटरपुढे. आधी स्क्रीनवरचा खिडक्याबिडक्यांचा रंगीत पसारा बंद करून नुसती काळी स्क्रीन ठेवली. रेकॉर्ड करून पाहिलं, टक् थोडं कमी झालं होतं. मग मशीन आपल्या मनानं मागे जी बारीकसारीक कामं करत असे, ती थांबवली. आणखी कमी. साउंडकार्ड आणि मोडेम प्रोसेसरला एकाच वाटेनं हाका मारत होते, म्हणून मोडेमच उपटून काढला.

"अगं, पण माझी ईमेल?" प्रभाकरराव म्हणाले.

"कार्डं आणा पोस्टातून!"

तरी एक टक् हटेना. शेवटी बाईंचं लक्ष कॉम्प्युटरच्या पुढच्या लाल दिव्याकडे गेलं. हार्डडिस्कचा दिवा लुकलुकला की टक्! डिस्कवर लिहायची सगळी हमाली प्रोसेसरच करत होता, मग आवाजाकडे बघणार कोण? डिस्कला मेमरीशी थेट देवघेव करू द्यायची एक आज्ञा होती, पण सूचनांत बजावलेलं, जुन्या डिस्कवरचा सगळा माल पुसला जाऊ शकतो. बाईंनी महत्त्वाचं तेवढं फ्लॉपीवर काढलं आणि आज्ञा टाइप केली. प्रभाकररावांनी मेन स्विचवर हात ठेवला.

"घालवू का लाइट?"

"हात लावून तर बघा!"

एंटर दाबलं. डिस्क जिवंत राहिली. मग रेकॉर्डिंगच्या प्रोग्रॅमला बाईंनी सगळ्यांच्या पुढचा मान देऊन टाकला: आधी तू, बाकीचे मागाहून.

पुढच्या रविवारी जाईबाई पुन्हा गायल्या. हळद, तेलवण, मांडव, सगळं एका दमात. लाल दिवा लुकलुकत होता, वासंतीबाईंची नजर त्यावरून हलत नव्हती. रेकॉर्डिंग लावलं. एक ओळ गेली, दहा गेल्या. टक् नाही की टुक् नाही.

"ही कोन गो? किती गोड गाते," जाईबाई कान देऊन म्हणाल्या. मग एकदम मांडीवर थाप मारून, "आगं, ही तर मीच!"

आणि त्या उठून नाचायलाच लागल्या. कडक स्वभावाच्या वासंतीबाईंना त्यांनी हाताला धरून ओढलं. बाई आधी लाजल्या, मग चष्मा काढून टेबलावर ठेवला आणि अशा नाचल्या की खालच्या मजल्यावरच्या मंदाकिनीबाई घाबरून धावत वर आल्या.

"अहो, वर चाललंय तरी काय?"

"लग्न," प्रभाकरराव गंभीरपणे म्हणाले. "या ना, करवलीची जागा रिकामीच आहे."

मंदाकिनीबाईंनी चपला दारातच भिरकावल्या. जाईबाईंनी नवा धवला उचलला, आणि वासंतीबाई धापा टाकत रेकॉर्डिंग सुरू करायला धावल्या. त्यात बांगड्या, हसणं, कुकरची शिट्टी, धम्मधम्म पावलं, सगळं लख्ख उतरलं.