आसरांची हरकत

बीअर बनवायचा परवाना ज्या खात्याकडून मिळतो, त्याला आमच्याकडे अजूनही दारूबंदीच म्हणतात. "दारूबंदीत काम आहे" असं सांगून मी नगरला निघालो, की शेजारचे म्हातारे आदराने बघायचे. त्यांना वाटायचं, मी कुणाची तरी दारू बंद करायला निघालोय.

पुण्यात दुसऱ्यांच्या टाक्यांत बीअर आंबवण्यात माझी बरीच वर्षं गेली. श्रीगोंद्याजवळ रस्त्याला लागून आमची जमीन आहे. तिथे छोटी ब्रुअरी टाकायची, बनवायची तिथेच विकायची आणि बायकोला घेऊन कायमचं गावी राहायचं, एवढंच मनात होतं. परवाना नाही मिळाला तर पुन्हा पुणं, आणि ते तिला नकोच होतं. आम्हाला मूल नाही. तिथल्या दवाखान्यांच्या चकरांनी ती पार थकून गेली होती. गावी आल्यापासून तिला निदान झोप लागत होती.

या धंद्यात नमनालाच घडाभर तेल. जमीन बिगरशेती करा, ग्रामपंचायतीचा ना-हरकत दाखला आणा, प्रदूषणवाल्यांची संमती आणा, इमारतीचा नकाशा मंजूर करून घ्या, पोलिसांकडून आपण सज्जन असल्याचं लिहून आणा. प्रत्येक टेबलावर घोडं पेंड खायचं. एकेक करून सगळं हातात आलं आणि शेवटी राहिली दारूबंदीच्या साहेबांची जागापाहणी. शाळा किंवा देवस्थान ठरावीक अंतराच्या आत असेल तर परवाना नाही. आमच्यापासून शाळा लांब, देऊळ त्याहून लांब. मी निर्धास्त होतो.

त्याआधी पाणी बघायचं होतं, कारण बीअर म्हणजे बहुतेक पाणीच. दोन बोअर कोरडे गेले. तिसऱ्याला चिखल उडाला, मग पाणी. बोअरगाडीवाला अंग पुसत म्हणाला, "पानी लागलं, आता आसरा बसवा."

आसरा म्हणजे पाण्यातल्या सात बहिणी. त्या पाणी देतात आणि मनात आलं तर माणसाला पाण्यात ओढूनही नेतात. विहिरीला पाणी लागलं की काठावर सात दगड मांडून शेंदूर लावायचा, ही आमच्याकडची रीत. मी हसलो, पण दगड मीच वेचून आणले, शेंदूर मीच लावला, नारळ मीच फोडला. दोन कोरड्या बोअरनंतर माणूस शहाणपणा करत बसत नाही.

थोड्याच दिवसांत सकाळी ते दगड ओले दिसायला लागले. बोअरवर अजून मोटार बसली नव्हती. जवळ वस्ती नाही, नळ नाही, तिन्ही बाजूंनी ऊस. मग दगडांपुढे हिरव्या बांगड्या आल्या, खण आला, एक पत्र्याचा छोटा पाळणा आला. येताना-जाताना मात्र कधी कुणी दिसलं नाही. एकदा मी उजाडताच गेलो. दगडांपासून उसापर्यंत ओल्या पावलांचे ठसे गेले होते. येतानाचे नव्हते. येणारी कोरड्या पायांनी आली असेल, मुरमावर कोरडा पाय उमटत नाही, असं मी समजावून सांगितलं. कुणाला सांगतोय म्हणून बघितलं, तर तिथे मी एकटाच मोठ्याने बोलत होतो. वारा नव्हता आणि त्या बाजूचा ऊस सळसळत होता. मी घाबरलो आणि मोटरसायकल काढली.

पाहणीला साहेब आले. पंच म्हणून गावातले दोघे बोलावले होते. "बीर कवा निगनार?" असं मला भेटेल तेव्हा विचारणारेच दोघे. टेप लावून शाळेचं अंतर झालं, देवळाचं झालं. मग साहेबांना दगड दिसले.

"याची देवस्थान म्हणून नोंदणी आहे?"

"नाही साहेब. बोअर लागल्यावर मीच मांडलेत."

"मग कागदावर हे देवस्थान नाही," असं म्हणून त्यांनी पंचनाम्यात तसं वाक्य लिहिलं आणि पेन पुढे केलं.

पहिला पंच हात मागे घेऊन म्हणाला, "हितं देव न्हाई, असं मी कसं लिहून द्यू? आमाला रोज हिरीत उतरायचं आस्तंय."

दुसऱ्याने तर आल्याबरोबर चपला काढून ठेवल्या होत्या. तो नुसता हात जोडून उभा राहिला. साहेबांनी पेनाला टोपण लावलं. "हे हलवा, मग मला बोलवा," म्हणाले आणि दगडांकडे पाठ न करता, मागे सरकत सरकत गाडीपाशी गेले. यालाच हात दाखवून अवलक्षण म्हणतात.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी पहार आणि पोतं घेतलं. बायको दारात उभी होती. कुठे निघालो ते सांगितल्यावर तिने पहारच धरली.

"नका हलवू. मी नवस बोललेय तिथं. तो पाळणा माझा आहे."

मग खरं सांगायचं तर हायसं वाटलं. एवढे दिवस मी उगीच भीत होतो.

"म्हणजे रोज पाणीही तूच घालत होतीस?"

"मी? मी एकदाच गेले. तेव्हा दगड आधीच ओले होते." ती माझ्याकडे बघत राहिली. "मला वाटलं, तुम्हीच घालता."

मी पहार खाली ठेवली. रस्त्यापलीकडे, दगडांपासून ठरावीक अंतराच्या बाहेर, आमचा दुसरा तुकडा आहे, त्यासाठी आता पहिल्यापासून अर्ज केलाय. पुन्हा ग्रामपंचायत, पुन्हा प्रदूषणवाले. परवाना मिळेल की पुण्याला परतावं लागेल, सांगता येत नाही. पण इतक्या वर्षांत कुठल्या डॉक्टरपुढेही तिने तोंड उघडून मूल मागितलं नव्हतं, मीच बोलायचो. इथे तिने स्वतः मागितलं. तिथे बसून कोण ऐकतं, मला ठाऊक नाही. त्या ऐकणाऱ्याला उठवायला माझा हात धजला नाही.