घमेल्याची लाइन अन् आभाळातला दिवा

तो दिवा दिसला तवा तलावाच्या पाळीवर आम्ही पाचजनं होतो. मी होती, माह्या घरचे होते, आमचा मेट होता, मेटची म्हातारी माय होती, अन् चहाचा हॉटेलवाला होता, तो भांडे घासाले पाण्यावर आला होता. बस. सहावं कोनी नव्हतं. हे अगोदरच सांगून ठेवते, कावून का पुढच्या आठ दिवसांत अर्धा कॅम्प म्हनाले लागला का आम्हीबी तिथंच होतो.

मेट म्हनजे मजुरांच्या टोळीवरचा मानूस. भिलाईचा कारखाना बांधाले भंडाऱ्याकडून आम्हाले त्यानंच आनलं. झोपडीबी तोच दे, कामबी तोच दे. माहे घरचे खलाशी, दोर लावून लोखंड वर चढवाचे. मी रेजा, घमेलं वाहाची. पावर हाउसच्या मांगं आमचा कॅम्प होता, तट्ट्याच्या भिती अन् वर टिन. त्या हप्त्यात मी कामावर नव्हती. सिमेंटनं माहे पाय खाल्ले होते, बोटांच्या मधात लाल मास दिसे. म्हनून पाळीवर बसून कपडे धून राहिली होती.

सूर्य बुडला होता, पन उजेड होता. तलावाच्या पल्याड पळसाच्या झाडांवर एक दिवा दिसला. पांढरा, पेट्रोमॅक्सच्या मेंटलसारखा. आवाज नाही. तो हळूहळू क्रेनकडं सरकला, मीनं एक लुगडं पिळून होईपर्यंत तिथं थांबला, अन् मंग ढगाच्या मांगं गेला. मीनं एवढंच पाहिलं. विमान मीनं पाहिलं होतं, ते विमान नव्हतं. तारा असा सरकत नाही. काय होतं ते मले तवा माहीत नव्हतं अन् आजबी माहीत नाही.

म्हातारीच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. ती कपाळावर हात धरून विचारत होती, "कुठं हाय रे, कुठं हाय?" तिले दिसलाच नाही. अन् तिनंच पहिले म्हनलं, "टोनही असन."

आपल्याकडं जिले करनीवाली म्हनतेत तिले छत्तीसगढात टोनही म्हनतेत. इकडच्या लोकांचं म्हननं का टोनही दिवा होऊन फिरते. आमच्या लोकाइनं इकडचं काही घेतलं नाही, ना बोली घेतली ना सन घेतला. हे मात्र पटकन घेतलं.

दुसऱ्या दिवशी नळावरच्या बायांच्या बोलन्यात दिवा लाल झाला. तिसऱ्या दिवशी हॉटेलवाला म्हने तीन होते. मेट म्हने, खाली उतरून तलावाचं पानी पेला. मी त्याच्या बाजूलेच बसून होती, मले नाही दिसला पेताना. अन् तेवढ्यात मेटच्या पोराले ताप आला. मंग मेटची बायको सांगत सुटली का तिनं सोता डोळ्यानं पाहिलं, दिवा दीदीच्या झोपडीतून निघाला.

दीदी म्हनजे माह्या बाजूच्या झोपडीतली रेजा. इकडचीच, छत्तीसगढीन, विधवा, एकटी. जिथं कारखान्याचे खड्डे खंदले तिथं अगोदर तिच्या सासऱ्याचं धानाचं शेत होतं. बोलाची कमी. तंबाखूचा गुडाखू दातावर घासत उंबरठ्यावर बसाची. माह्या पायाले रोज सांजच्याले एरंडीचं तेल तिनंच लावलं, मी न मांगता. माह्या सख्ख्या नणंदेनं नाही लावलं.

पोरगा दवाखान्यात इंजेक्शन घेऊन दुसऱ्याच दिवशी बरा झाला, गल्लीत खेळाले लागला. पन दोष काही उतरला नाही. मेटनं सांगतलं, इतवारी सकायी सगळे जमा, बाईले झोपडी खाली कराले लावू. झोपडी गेली म्हनजे कामबी गेलं, अन् टोनही म्हनून काढलेल्या बाईले दुसऱ्या कॅम्पात कोन घेईन? दीदी मले म्हने, "मैं कुछु नइ करे हंव, बहिनी." मी काही केलं नाही, एवढंच.

मी घरच्याइले म्हनलं, "तुमी तं पाळीवर होते. दिवा तिच्या झोपडीतून निघताना पाहिला का?"

"नाही."

"मंग उद्या तेवढंच सांगजा."

"तेवढंच कोनी विचारत नाही. मेटच्या जोरावर आलो आपन इथं. चूप राह्य."

मी चूप नाही राहिली. पायाले चिंध्या गुंडाळून शनिवारी ऑफिसच्या खिडकीवर गेली. तिथं एक बाबू बसे, नागपूरचा, मराठी बोलनारा. म्हनलं, शिकलेला मानूस हाय, दोन शब्द बोलला तं मेट ऐकन. त्यानं सगळं ऐकलं अन् हासला.

"बाई, उपाशीपोटी असं दिसतं."

"मी जेवून होती, साहेब. भात अन् अंबाडीची भाजी."

"मग रशियाने सोडलेला चंद्र असेल. रशियन साहेब इथेच आहेत, जा, विचार त्यांना."

"तुमी विचारा ना. तुमाले त्याइच्याशी बोलता येते."

"मी दिव्यासाठी साहेबाकडे जाऊ?"

"दिव्यासाठी नाही. बाईसाठी."

त्यानं खिडकी लावून घेतली. मले त्याचा राग मेटहून जास्त आला, आजबी येते. मेट अडानी होता. यानं ना दिवा पाहिला, ना कोनाले पुसलं, अन् माह्या पोटावर बोलून मोकळा झाला.

त्या सांजीले दीदी तेल लावत होती तं मीनं तिचे हात पाहिले. तळव्याचं कातडं सोलून निघालं होतं. पुसलं, कायनं? म्हने, बुधवारच्या ढलाईनं. बुधवार म्हनजे दिव्याचाच दिवस. तवा माह्या डोक्यात आलं.

ढलाई म्हनजे पायव्यात काँक्रीट ओतनं. एकदा सुरू झाली का थांबवता येत नाही, मधात थांबली तं जोड राहते अन् पाया कच्चा होते. बाया लाइनीत उभ्या राहात, मशीनपासून खड्ड्यापर्यंत, अन् घमेलं या हातातून त्या हातात. एक बाई हलली तं घमेलं खाली पडन. लघवीले जाचं असन तरी बदली आल्याबिगर हलता येत नसे. मी दोन वर्सं त्या लाइनीत उभी राहिली होती, मले कोनी शिकवाची गरज नव्हती.

इतवारी पिंपळाखाली सगळे जमले. दीदी एका बाजूले, पदर तोंडावर. मी बोलाले उठली तं मेट म्हने, "वहिनीचे पाय सडले, पन जीभ धडधाकट हाय."

लोक हासले. मी म्हनलं, "जिभेवर सिमेंट नाही पडलं, भाऊजी. ज्याइनं ज्याइनं दिवा पाहिला त्याइनं हात करून दाखवा, कोन्या बाजूले होता."

हात चारी दिशेले गेले. हॉटेलवाल्याचा हात त्याच्या हॉटेलाकडं. आता लोक त्याले हासले.

मंग मी मेटच्या बायकोले म्हनलं, "बुधवारी तुमी कुठं होत्या, बाई?"

"ढलाईवर. सगळ्याच होत्या."

"घमेलं कोनाच्या हातून घेत होत्या?"

तिनं सासूकडं पाहिलं. मांगून एक बाई बोलली, "दीदीच्या हातून. मी दीदीले देत होती अन् दीदी यांले."

"दीदी मधात कुठं गेली का?"

"जाईन कशी? मी काय घमेलं हवेत सोडू?"

"ढलाई कवा सुटली?"

"अंधार पडून बत्त्या लागल्या तवा."

मी मेटच्या बायकोकडं वळली. "म्हनजे तुमीबी तिथंच होत्या. खड्ड्यातून तुमाले कॅम्पातली झोपडी कशी दिसली?"

ती खाली पाहत म्हने, "मले सासूनं सांगतलं."

म्हातारी म्हने, "मले कुठं दिसते व माय."

मंग मांगून एक मानूस म्हने, "टोनहीचं आंग एकीकडं राहते अन् जीव दुसरीकडं फिरते." अन् लोकाइनं माना हालवल्या. मले असं वाटलं का त्याइच्या तोंडावर घमेलं फेकून मारावं. ती झोपडीत होती म्हनून टोनही. आता लाइनीत होती हे कळलं तरीबी टोनही. मंग पुसाचं कायले, लोक जमवाचे कायले?

मेट म्हने, "ठीक हाय, झोपडी राहू दे." चुकलं असं नाही म्हनला. सगळे उठून गेल्यावर माहे घरचे मले म्हनतेत, "झोपडीतून निघताना मीनं नाही पाहिलं बाप्पा." मी त्याइले त्या दिवशी जेवाले वाढलं नाही.

सोमवारी कामावर तिच्या हातून कोनी घमेलं घेईना. ती दे, तं पुढची बाई म्हने, खाली ठेव. मंग भुईवरून उचले. खाली ठेवून उचलनं म्हनजे लाइन तुटते, काम मांगं पडते, वरचे ओरडतेत. मी दोन दिवसांनं सडक्या पायानं गेली अन् तिच्या पुढं उभी राहिली, तिच्या हातातून माह्या हातात. तं तिच्या मांगची बाई सरकली, तीच, जिनं इतवारी खरं सांगतलं होतं. म्हने, माहे लेकरं हायेत, दीदी, राग नको मानू. मेट आला अन् म्हने, "बाई, तुह्याच्यानं लाइन तुटून राहिली." अन् तिले कामावरून काढलं. टोनही म्हनून नाही काढलं. लाइन तुटते म्हनून काढलं.

दीदीनं भाताचा एक गंज, एक गोधडी बांधली अन् चरोद्याकडं निघून गेली, तिकडं रेल्वेचं काम चालू होतं. तेलाची शिशी माह्या उंबरठ्यावर ठेवून गेली.

आता भिलाईतच, हुडको कॉलनीत पोराच्या घरी टीवी लागते. आभाळातल्या तबकड्यांवर मोठे मोठे लोक भांडतेत. एक म्हनते दुसऱ्या दुनियेतून आले, दुसरा म्हनते पाहनारे सगळे खोटे नाही तं येडे. मले दोघांचाबी राग येते. मी दिवा पाहिला. माहीत नाही काय होतं. एवढं बोलाले त्याइची जीभ कावून जड होते?

मी दीदीचं नाव लिहून नाही राहिली, तिले मीनं पुसलं नाही म्हनून. पन चरोद्याकडं कोनाच्या घरात अशी आजी असन, छत्तीसगढीन, घमेलं वाहनारी, पावर हाउसच्या कॅम्पातून एकटी आलेली, अन् तिच्या मांगं टोनहीचं नाव लागलं असन, तं वाचनाऱ्यानं एवढं करा. त्या घरी जाऊन सांगा का त्या सांजीले ती ढलाईच्या लाइनीत होती, अंधार पडेपर्यंत, अन् तिच्या हातून एकबी घमेलं पडलं नाही.