दोन मामा, एक बॅटरी आणि नांदगावचा मुहूर्त

नाशिकहून नांदगावला जायचं म्हणजे काही हिमालय चढायचा नसतो. सकाळी निघालं, वाटेत मिसळ खाल्ली, चांदवडला चहा घेतला, तरी माणूस जेवणाच्या आत पोहोचतो. आमच्या घरात मात्र या प्रवासाची चर्चा लग्नाच्या याद्यांपेक्षा जास्त दिवस चालली, कारण कोणाच्या गाडीने जायचं हे ठरत नव्हतं.

लग्न केतकीचं होतं. केतकी माझ्या नणंदेची, मंदाताईंची एकुलती एक मुलगी. ती शाळेत असतानाच तिचे वडील गेले. तेव्हापासून तिच्या पाठीशी दोन मामा आहेत. थोरले अण्णामामा, म्हणजे माझे दीर, यांनी सिन्नरला आयुष्यभर डिझेल इंजिनं दुरुस्त केली. धाकटा सुधीरमामा म्हणजे माझा नवरा. तो सातपूरच्या कारखान्यातून निवृत्त झाला आणि घरी बसून प्रोग्रॅम लिहायला शिकला, ते आम्हाला भोवलं. मांडवात नवरीला मामा घेऊन येतो, एवढं सगळ्यांनाच माहीत असतं. केतकीने फोनवर बजावून ठेवलं होतं, "मला दोघं मामा पाहिजेत. एकाच गाडीतून या, म्हणजे मला दोनदा वाट बघायला नको. दोघं आल्याशिवाय मी खोलीतून बाहेर पाऊल टाकणार नाही."

तर गाडी कोणाची? अण्णांकडे जुनी डिझेल जीप आहे. आमच्याकडे विजेवर चालणारी गाडी आहे, आणि तिला चार्जिंग आमच्या इंदिरानगरच्या गच्चीवरच्या सौर पॅनेलवरून होतं. यात सुधीरने स्वतः लिहिलेलं सॉफ्टवेअर घातलंय. गाडीत, गिझरमध्ये, मिक्सरमध्ये, पंख्यात, जिथे वायर जाते तिथे ते गेलंय. त्याचं तत्त्व असं, की ऊन असेल तेवढंच वापरायचं. वर ते सॉफ्टवेअर सुधीरच्याच आवाजात बोलतं. एक नवरा सांभाळताना नाकी नऊ येतात, मला तो भिंतीतूनही ऐकावा लागतो.

अण्णा आणि त्यांची बायको शोभावहिनी लग्नाच्या दोन दिवस आधी जीपने आमच्याकडे आले. अण्णा पहाटे उठून आंघोळीला गेले, नळ सोडला, तर आतून सुधीरचा आवाज आला, "सूर्योदयाची वाट पाहावी."

"तू पाह्य!" अण्णा भिंतीवर ओरडले. "मी साठ वर्षं पहाटे आंघोळ करतोय, सूर्य माझी वाट पाहतो!"

त्या दोन दिवसांत घराचं डोकंच फिरलं होतं. बाहेर मे महिन्याचं ऊन, रस्त्याचं डांबर पघळेल असं, आणि मी चटणी वाटायला घेतली की मिक्सर थांबायचा. "ढग आला आहे. कृपया थांबावे." आकाशात ढगाचा ठिपका नाही! मी तीनदा खोबरं हाताने खलबत्त्यात कुटलं आणि तिन्ही वेळा सुधीरच्या नावाने कुटलं. शेवटी त्याने जाहीर केलं की पॅनेलवरचा ऊन मोजणारा सेन्सर बिघडलाय. मग त्याने सॉफ्टवेअरला सांगितलं की सेन्सरचं काही ऐकू नकोस, हवामानाचा अंदाज बघ आणि त्यावरून हिशेब कर. अंदाज होता स्वच्छ आकाशाचा. लगेच गाडीतल्या त्याच्या टॅबलेटवर बॅटरीचं चित्र हिरवंगार झालं.

"बघितलंस अण्णा? फुकट! सूर्याकडून!"

"सूर्य रात्री झोपतो. डिझेल झोपत नाय."

"डिझेल संपतं."

"सूर्य काय तुझ्या बापानं भरून ठेवलाय?"

"आपला बाप एकच आहे, अण्णा."

शेवटी निकाल शोभावहिनींनी लावला. त्या म्हणाल्या की जीपमध्ये कंबरडं मोडतं, पैठणी घामाने खराब होते, आपण एसीत जायचं. अण्णांनी जीपच्या बॉनेटवर असा हात फिरवला की मला वाईट वाटलं.

निघालो. डिकीत आहेराच्या पिशव्या आणि वहिनींनी रुखवतासाठी केलेल्या कुरडयांचे दोन मोठे पत्र्याचे डबे होते. नाशिक सोडल्यावर चांदवडपर्यंत रस्ता उत्तम आहे, पिंपळगावला टोल लागतो. दुतर्फा द्राक्षबागा. छाटणी झालेल्या वेलींना कोंब फुटले होते. मधूनमधून कांद्याचे ट्रॅक्टर आडवे येतात, त्यांना हॉर्न देऊन उपयोग नाही, सावकाश पुढे जावं. मिसळ खायची असेल तर पिंपळगावच्या अलीकडे कुठल्याही गर्दीच्या ठिकाणी थांबा. शंभरेक रुपयांत पोट भरतं, आणि रस्सा परत मागितला तर कोणी तोंड वाकडं करत नाही. सुधीरने तर्री मागितली, अण्णांनीही मागितली. त्या दिवशी एकमत झालं ते एवढ्या एकाच गोष्टीवर.

गाडीत अण्णा पुढे बसले होते. सुधीरने आपला टॅबलेट गाडीच्या मूळ पडद्याच्या बरोबर समोर चिकटवलाय, त्यामुळे कंपनीचा पडदा दिसत नाही. चांदवड जवळ आलं तसं अण्णांनी मान वाकडी करून टॅबलेटच्या मागे डोकावलं.

"सुधीर, मागं दुसरंच चित्र हाय रे. पिवळं."

"ते कंपनीचं आहे. कंपन्या मुद्दाम कमी दाखवतात. लोक घाबरले की वेळेवर चार्ज करतात."

"आणि तुझं?"

"माझं प्रामाणिक आहे."

चांदवडला हायवेवरच्या हॉटेलशेजारी चार्जर आहे. तुम्ही जाणार असाल तर तिथे खुशाल थांबा, चहाही बरा मिळतो, फक्त आधी मोबाइलवर त्यांचं ॲप घेऊन ठेवा. आम्ही थांबलो नाही. मी म्हटलं, घे थोडं भरून. सुधीर म्हणाला, "ही वीज कोळशाची असते. आपल्या गाडीत आतापर्यंत एक थेंब कोळसा गेलेला नाही."

"कोळशाचा थेंब?" अण्णा मागे वळून मला म्हणाले. "ऐकलं का? हा इंजिनियर!"

मग मनमाडपर्यंत वाद पेटला. एकलहऱ्याच्या वीज केंद्राची धुराडी झाली, पवनचक्क्या झाल्या, नदीला पाणी नसताना जलविद्युत कुठून आणणार हे झालं. अण्णांनी विचारलं, उद्या तुझं सॉफ्टवेअर बिघडलं तर पान्हा कुठं लावायचा? सुधीरने विचारलं, तुझ्या जीपला धूर किती येतो ते सिन्नरच्या कावळ्यांना विचारलंस का? वहिनी डोळे मिटून स्तोत्र म्हणत होत्या. मी खिडकीबाहेर बघून अनकाईचे डोंगर दिसतात का ते शोधत होते. मनमाडच्या रेल्वे पुलावर कोंडी लागली आणि त्या कोंडीत एसी जोरात चालू होता. अण्णांनी पुन्हा टॅबलेटच्या मागे डोकावलं.

"लाल झालं रे."

सुधीरने फक्त समोर बोट दाखवलं. टॅबलेटवर हिरवंच होतं.

मनमाड सोडून नांदगावच्या रस्त्याला लागलं की तेलाचे डेपो लागतात. पेट्रोल-डिझेलच्या टँकरची रांगच्या रांग रस्त्याकडेला उभी असते. आमची गाडी बरोबर त्या रांगेसमोर आली, दोनदा कुरकुरली, हळू झाली, आणि थांबली. आजूबाजूला अर्ध्या महाराष्ट्राला पुरेल एवढं डिझेल! मधोमध आम्ही, आणि टॅबलेटमधून सुधीरचा प्रसन्न आवाज आला, "आपला प्रवास सुखाचा होवो."

मी तो टॅबलेट उपटून पर्समध्ये घातला.

सुधीरने घाम पुसत मोबाइलवर घरच्या पॅनेलचा हिशेब उघडला. दोन दिवस, ऐन दुपारी, वीज जवळजवळ शून्य. "असं कसं? ऊन नव्हतं का दोन दिवस?"

"ऊन होतं की!" वहिनी म्हणाल्या. "म्हणून तर कुरडया इतक्या छान वाळल्या."

"वहिनी, कुठे वाळत घातल्या होत्या?" सुधीरने विचारलं.

"तुमच्या त्या काळ्या काचांवर. गच्चीत तेवढीच जागा स्वच्छ होती, आणि तापतात पण किती! धूळ बसू नये म्हणून वर अण्णांची दोन धोतरं पसरली. संध्याकाळी काढून पुसूनपण ठेवलं सगळं."

म्हणजे सेन्सर बिचारा खरं बोलत होता. ढग खरंच आला होता, फक्त तो अण्णांच्या धोतराचा होता. आमची सगळी वीज डिकीत पत्र्याच्या डब्यांत भरलेली होती, आणि ती तळून खाण्यापलीकडे तिचा काही उपयोग नव्हता. मला हसू फुटलं. वहिनीही हसल्या. सुधीर मात्र हसला नाही. त्याचा चेहरा इतका पडला की माझं हसू तिथेच थांबलं. मुहूर्त जवळ आला होता. केतकी तयार होऊन खोलीत बसली असेल आणि दाराकडे बघत असेल, हे आम्हा चौघांनाही दिसत होतं. "मी तिला शब्द दिला होता," एवढंच तो म्हणाला.

आता अण्णा त्याला सोडत नाहीत, असं मला वाटलं. अख्खं आयुष्य ज्या क्षणाची वाट पाहिली तो समोर उभा होता, मागे टँकरची रांगही होती. पण अण्णांनी रस्त्यात जाऊन हात आडवा केला.

कांदे विकून परत चाललेले एक गृहस्थ मोटारसायकलवर थांबले. "कुठं जायचं?"

"नांदगाव. भाचीचं लगीन हाय."

"तुम्ही मामा? मग हितं काय करताय!" ते ओरडलेच. "बसा लवकर. एक जण बसा."

आणि इथे आमच्या घरातला सर्वांत मोठा वाद सुरू झाला.

"अण्णा, तू जा. थोरला तू आहेस."

"तू जा. सायकल तिला तू शिकवली."

"दहावीच्या पेपरांना तिला रोज कोणी सोडलं? तू. डिझेलच्या जीपने!"

"आणि लाइट जायची तेव्हा पोरीनं अभ्यास कशावर केला? तू दिलेल्या सौर कंदिलावर!"

"पण जीप एकदाही बंद पडली नाही, अण्णा. एकदाही नाही!"

"कंदील पण इझला नाय कधी!"

मी आणि वहिनी एकमेकींकडे बघत राहिलो. सुधीर डिझेलची बाजू लढवत होता, अण्णा सूर्याची, दोघांचे डोळे भरले होते आणि आवाज मात्र नेहमीसारखाच टिपेला. मोटारसायकलवाल्यांनी हॉर्न दाबून धरला. "ओ काका! तुमचं नंतर मिटवा! दोघं बी बसा, तीन शीट जाऊ. मुहूर्त निघून चाललाय आन्‌ हे कंदील कंदील करतात!"

दोघं बसले. मधे सुधीर, मागे अण्णा, फेटे काखेत. असा प्रवास कोणी करू नये, हेही प्रवासवर्णनात लिहायलाच हवं.

आम्ही दोघींनी मनमाडहून गाडी उचलून नेणारा ट्रक मागवला आणि त्याच्याच केबिनमध्ये, पैठण्या सावरत, मांडीवर कुरडयांचे डबे घेऊन नांदगावात शिरलो. मंगल कार्यालयासमोर उतरलो तेव्हा शेवटचं मंगलाष्टक चालू होतं. बोहल्यावर केतकी, आणि तिच्या मागे दोन मामा. दोघांच्या भुवया धुळीने पांढऱ्या झालेल्या, फेटे वाकडे. मंदाताईंनी नंतर सांगितलं, गुरुजी म्हणाले, मामांनी मुलीला घेऊन यावं, तर हे दोघं दारातच एकमेकांना पुढे ढकलायला लागले. शेवटी केतकीनेच दोघांचे हात धरले आणि त्यांना मांडवात घेऊन आली.

संध्याकाळी कार्यालयाच्या जनरेटरवर आमची गाडी चार्ज झाली. जनरेटर अर्थातच डिझेलचा. अण्णांनी त्याच्याजवळ खुर्ची टाकली आणि दोन पानं खाल्ली, पण सुधीरला एका शब्दाने टोचलं नाही. मला ते बरं नाही वाटलं. भांडत नाहीत म्हणजे काहीतरी दुखतंय, असा आमच्याकडचा अनुभव आहे. परतीच्या वाटेवर नाशिक येईपर्यंत दोघं गप्प होते. मुलगी सासरी गेली की मामांचंही घर रिकामं होतं, हे मला त्या दिवशी कळलं.

जीप न्यायला म्हणून अण्णा आमच्याकडे उतरले आणि राहिलेच. त्यांचं जायचं आज-उद्या, आज-उद्या चाललं होतं. एका दुपारी चाळीसगावहून केतकीचा फोन आला. सासरचे सगळे चांगले आहेत म्हणाली. सासूबाई प्रेमळ आहेत, सासरे भला माणूस. मग उगाचच विचारलं, जेवलात का सगळे.

"काय गं?" मी विचारलं.

"मामी, इथे सगळे फार शांत आहेत गं. जेवताना कोणी बोलतच नाही. बाबा गेले त्या वर्षी मामा दर रविवारी यायचे आणि ओट्यावर बसून भांडायचे, आठवतं? मला आतून ते ऐकू आलं की वाटायचं, आहेत, माणसं आहेत घरात." तिचा आवाज ओला झाला. "दोघं आहेत का तिथे? त्यांना जरा भांडायला सांग ना."

मी फोन स्पीकरवर टाकून दोघांच्या मधे ठेवला. आधी दोघंही लाजले. मग सुधीर खाकरला आणि म्हणाला की काही झालं तरी भविष्य सौर ऊर्जेचंच आहे. अण्णा म्हणाले, हो, ऊन चांगलंच असतं. आणि थांबले.

फोनमधून केतकी ओरडली, "हे काय अण्णामामा, एवढ्यात हरलात?"

अण्णांनी मांडी घातली, बाह्या वर सारल्या आणि डिझेल इंजिनाची बाजू पहिल्यापासून मांडायला सुरुवात केली.