बघायला आले त्या दिवशीचा डाव

काल कपाटात बुद्धिबळाची पेटी सापडली. उघडताच डांबरगोळ्यांचा वास आला आणि औरंगाबादची आमची पुढची खोली आठवली.

मी निजामावरच्या पोलीस ॲक्शनच्या सालात, अठ्ठेचाळीसला जन्मलेली; ही गोष्ट घडली तेव्हा बावीस वर्षांची. वैजापूरहून मंडळी मला बघायला आली होती. पोहे झाल्यावर मुलाचे वडील म्हणाले, "बुद्धिबळ येतंय म्हणं तुला? मांड पट."

पहिल्याच खेळीला त्यांनी वजिराकडच्या घोड्यापुढचं प्यादं दोन घरं सरकवलं. अशी कडेची सुरुवात मी कधी पाहिली नव्हती.

"घाबरली का?" ते हसले.

मी वजिरापुढचं प्यादं मधोमध नेलं, त्याला शेजारच्या प्याद्याचा आधार दिला, घोडे बाहेर काढले, राजा कोपऱ्यात नेला. त्यांना कुठूनच शिरता येईना. तासाभरानं त्यांचा हत्ती उघडा पडला. मी हात पुढं केला, तेवढ्यात माझ्या वडिलांनी, अण्णांनी, हळूच नकारार्थी मान हलवली. मी दुसरीच खेळी केली. डाव बरोबरीत सुटला.

"लई सांभाळून खेळती पोरगी," ते खुशीत म्हणाले. "घर सांभाळंल."

लग्न ठरलं. किती सुखावले होते मी!

पहिल्या दिवाळीला सासरी मी हौसेनं पट मांडला. सासरे म्हणाले, "आता कशाला?"

मी सगळे मोहरे पेटीत भरले. संसार चांगला झाला, तक्रार नाही. पण आज वाटतं, तेव्हा एवढं तरी म्हणायला हवं होतं, "जिंकायचं राहिलंय म्हणून."