स्पीकरची फळी आणि दोन शेळ्या

"फळीच तर आहे, वहिनी," असं माझा दीर म्हणाला, तेव्हा त्या फळीवर लेंड्या पडल्या होत्या आणि डावा स्पीकर फाटून आत गेला होता.

ती फळी मी केली होती. मी पारनेरहून नगरला नोकरीला जाते, माझ्या जुन्या गाडीनं. जाता-येता गाणी ऐकते, तेवढाच वेळ माझा एकटीचा. गाडीची मूळची मागची फळी, म्हणजे मागच्या सीटमागे डिकीवर झाकणासारखी बसते ती, पुठ्ठ्यासारखी पातळ. तिच्यात स्पीकर बसवले तर गाण्यापेक्षा तिचाच खडखडाट जास्त. तयार मिळाली ती नीट बसेना. मग फ्रीजच्या खोक्याचा पुठ्ठा कापून माप काढलं. गाडीची डावी बाजू उजवीसारखी नसते हे तेव्हा कळलं, तोवर दोन पुठ्ठे वाया गेले होते. जाड प्लायवूड आणलं, सुताराचं कटर मागून आणून लंबगोल भोकं पाडली, कडा घासल्या, काळं कारपेट चिकटवलं. आल्यागेल्याला नवरा कौतुकानं सांगायचा, "आम्ही घरीच केली." आम्ही! मी प्लाय कापत होते तेव्हा हा आत मॅच बघत होता.

दीर गावी सासूबाईंबरोबर राहतो. माझ्या सुट्टीच्या दिवशी सकाळीच आला. "आईचा गुडघा लई दुखतोय. नगरला दवाखान्यात नेतो, गाडी द्या." मी लगेच किल्ली दिली.

संध्याकाळी त्यानं गाडी परत आणली, दार उघडलं तर वासानं डोकं फिरलं. घोडेगावच्या जनावरांच्या बाजारातून त्यानं दोन शेळ्या आणून गावी उतरवल्या होत्या. मागचं सीट पाडताना आड आली म्हणून फळी वायरींसकट उपटली होती. शेळ्या चढेनात, तर तीच डिकीला तिरकी लावून त्यांना तिच्यावरून वर घेतलं होतं.

मी ओरडले. शेजारच्या खिडक्या उघडल्या.

"हळू बोल, लोक ऐकतायत," नवरा म्हणाला. "करू की आपण नवी."

"आपण नाही. मी केली होती."

दीर हसत निघून गेला.

दुसऱ्या दिवशी रजा टाकली आणि ती फळी डिकीत घालून गावी गेले. सासूबाई ओट्यावर पाय लांब करून बसल्या होत्या. त्यांच्यापुढे फळी ठेवली आणि विचारलं, "काल दवाखान्यात गेलाच नाहीत ना?"

"कशी जानार? वहिनी गाडी देत न्हाई, असं म्हनला हा."

फळीचा राग एकीकडे राहिला. काल दिवसभर ही बाई गुडघा चोळत मला नावं ठेवत बसली असणार. मी सगळं सांगितलं. सासूबाईंनी गोठ्याकडे तोंड करून दिराला हाक मारली.

"माझ्या गुडघ्याच्या नावावर शेळ्या आनल्या व्हय रं?"

तो बाहेर आलाच नाही.

"चला, आत्ताच जाऊ," मी म्हणाले. त्यांना हात देऊन गाडीत बसवलं. गाडीत वास तसाच होता. नगर येईपर्यंत त्या त्याला शिव्या घालत होत्या, आणि त्या दमल्या की मी.

दीर आता नात्यागोत्यात सांगतो, वहिनीनं एका फळीपायी भावाभावांत तेढ आणली. सांगू दे. गाडीची किल्ली त्याला पुन्हा मिळालेली नाही. नवरा मधूनच विचारतो, नवी फळी कधी करणार? प्लायवूड आणून ठेवलंय. पण मापं घ्यायला बसले की दिराचं ते हसणं आठवतं आणि मी पेन्सिल ठेवून देते.