राधेला दाखवलेला फोटो

या पानावर लोक आपापले भुताखेतांचे अनुभव लिहितात आणि मी खाली जाऊन त्यांची टर उडवतो, हे इथल्या जुन्या वाचकांना माहीत आहेच. 'वटवाघूळ असेल हो', 'रात्री वांगी खाल्ली असतील' - त्या कमेंटी माझ्याच. आमचं घर बौद्ध. अंगात येणं, करणी, लिंबू-मिरची या गोष्टींना आमच्या बाबांनी कधी उंबऱ्याच्या आत येऊ दिलं नाही, आणि मीही नाही. आता माझ्यावरच लिहायची पाळी आली आहे... हसा खुशाल. तुमच्या जागी मीही हसलो असतो.

वरोऱ्याला माझा फोटो स्टुडिओ आहे. लग्न, नामकरण, पासपोर्ट, जे येईल ते. मुलगी पुण्याला नोकरीला, घरात आम्ही दोघंच, मी आणि माझी बायको सुनंदा. सुनंदाला शुगर आहे, इन्सुलिन घेते. तिची शुगर वाढते त्याचं मला एवढं टेन्शन नाही, पण ती मधूनच एकदम खाली जाते. एकदा भाजी चिरता चिरता बोलायची थांबली आणि तिने मानच टाकली. मी समोर होतो म्हणून निभावलं. डॉक्टरांनी तेव्हाच बजावलं होतं की हिला एकटं सोडू नका, आणि सोडावंच लागलं तर जेवणाच्या वेळी फोन करत जा. तेव्हापासून बाहेरगावच्या ऑर्डरी मी जवळपास बंदच केल्या. कुठे गेलोच तर दुपारी माझा फोन ठरलेला. ती वैतागायची. मी काय कुकर आहे का, शिट्टी झाली का म्हणून विचारायला, असं म्हणायची.

दिवाळी झाली आणि सिंदेवाहीकडून मनोहरचा फोन आला. मनोहर माझा कॉलेजपासूनचा मित्र, तिकडे धानाची शेती करतो. त्याच्या गावची मंडई होती. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो - दिवाळीनंतर आमच्या पूर्व विदर्भातल्या झाडीपट्टीत गावोगाव मंडई भरते. लेकी-जावई येतात, पाळणे लागतात, दुकानं लागतात आणि दिवसा दंडार होते, म्हणजे नाच-गाणं-सोंगं सगळं एकत्र. मनोहरच्या गावच्या दंडारीतले जुने कलाकार थकत चालले होते. ते नटलेले असताना त्यांचे मोठे फोटो काढून समाजमंदिरात लावायचे, असं मंडळाने ठरवलं होतं. मी नाहीच म्हणत होतो. सुनंदानेच बॅग भरून दिली. तुमचं तोंड पाहून पाहून माझी शुगर वाढते, एक दिवस तर बाहेर जा, म्हणाली.

पहाटे निघून चिमूरवरून गेलो. शाळेच्या पडवीत चांगला मऊ उजेड येत होता, तिथे काळं कापड बांधलं आणि एकेकाला बसवायला सुरुवात केली. पत्र्याचा मुकुट घातलेला राजा आला. अंगाला पट्टे ओढलेला वाघ आला, आणि तो माणूस म्हणाला की भाऊ, लवकर काढा, खऱ्या वाघानं पाहिलं तर भाऊबंद समजून घेऊन जाईल. त्या भागात हा विनोद लोक हसत करतात, पण संध्याकाळी एकटं कोणी शेतात जात नाही. मला तर मजाच येत होती. लग्नाच्या फोटोत लोक चेहरा ताठ करून बसतात, इथे रंग लावल्यावर माणसं मोकळी झाली होती.

शेवटी राधा आली. दंडारीत बाईचं काम पुरुषच करतो, त्याला राधा म्हणतात. त्या गावची राधा म्हणजे दयारामभाऊ. पन्नाशी उलटलेला, उन्हाने रापलेला शेतकरी माणूस. मंडई आली की दरवर्षी मिशी काढायचा आणि शेजारच्या घरून लाल लुगडं मागून आणायचा. ते नटून झाल्यावर गावातल्या एका म्हाताऱ्या बाईने सगळ्यात शेवटी त्यांना कुंकू लावलं आणि समोरचा आरसा उचलून नेला. मला नेमका आरशात बघणाऱ्या राधेचा फोटो हवा होता, म्हणून मी तो परत मागितला. मग मनोहरने मला बाजूला घेऊन समजावलं. कुंकू लागलं की राधेने स्वतःचं तोंड पाहायचं नाही. खेळ झाला की बोडीवर, म्हणजे गावच्या तळ्यावर, जाऊन रंग धुवायचा, मग आरसा. आणि पाहिलंच तर? तर त्या माणसाची राधा संपली, पुढे दुसरा कोणी करणार. काऊन पाहायचं नाही, ते मात्र एकालाही सांगता आलं नाही. मी मनात म्हटलं, राहू दे बाबा, तुमचा आरसा तुम्हाला लखलाभ.

आरशाशिवायच फोटो काढले. दयारामभाऊ सुरुवातीला फार अवघडले होते. एक फोटो मात्र असा आला की मी स्वतःवरच खूश झालो. आणि इथे माझ्या धंद्याने घोटाळा केला. लग्नातली नवरी अशीच अवघडलेली असते, म्हणून आम्ही काय करतो - एक चांगला फोटो आला की कॅमेरा फिरवून मागच्या स्क्रीनवर तिला दाखवतो. ती हसते, सैल होते, पुढचं काम सोपं. आयुष्यभराची सवय ती. मी पुढे झालो आणि स्क्रीन दयारामभाऊंच्या नाकासमोर धरली. तोही आरसाच झाला की, हे ना माझ्या डोक्यात आलं ना त्यांच्या.

ते बघत राहिले. मला वाटलं, आवडला.

"ही बाई कोण व्हय भाऊ?" त्यांनी विचारलं.

मी हसून म्हटलं, तुम्हीच, दुसरं कोण?

"नाई. ही तं हिरव्या गाऊनात आहे. धुण्याच्या ओट्याले टेकून खाली बसली. मागं पपईचं झाड आहे, दोन डोक्याचं. हाका मारून राह्यली भाऊ ते, अन् तिच्याजवळ कोणी नाई."

खोटं कशाला सांगू. आमच्या घरामागे धुण्याचा ओटा आहे. त्याच्यामागे पपई आहे आणि तिचं खोड मधूनच फुटून दोन शेंडे झालेले आहेत. येणारा-जाणारा हसतो त्या झाडाला. मी कॅमेरा ओढून स्क्रीन पाहिली. लाल लुगड्यातले दयारामभाऊ, बाकी काही नाही. मनोहरने पाहिलं, त्यालाही तेच दिसलं.

दुपारचा फोन व्हायचा होता. गावात नेटवर्क नाही, ते फक्त बोडीच्या पारीवर, म्हणजे बांधावर, येतं. मी मनोहरला मोटरसायकल काढायला लावली. मागे बसून मी स्वतःलाच शिव्या घालत होतो की एवढा शिकला-सवरला आणि एका सोंगाच्या बोलण्यावर पळत सुटला. पारीवर पोचलो. सुनंदाला फोन लावला. पूर्ण रिंग वाजून बंद झाला. परत लावला, तेच. मग शेजारच्या बबितावहिनींना लावला आणि कसंबसं सांगितलं की मागच्या ओट्यापाशी बघा, आधी मागेच बघा.

त्यानंतरचा वेळ मी कसा काढला ते लिहिता येत नाही. मनोहर माझा खांदा धरून उभा होता. खाली मंडईत भोंगा वाजत होता, पोरं पाळण्यात ओरडत होती, आणि मी हातातल्या फोनकडे बघत होतो.

बबितावहिनींचा फोन आला. समोरचं दार आतून बंद होतं. त्यांच्या मालकांनी भिंतीवरून उडी मारली. सुनंदा ओट्यापाशी पडलेली होती, हिरव्या गाऊनात, बेशुद्ध. गल्लीतल्या डॉक्टरांना आणलं. मशीनवर शुगर अगदी तळाला गेलेली. त्यांनी तिथेच शिरेतून ग्लुकोज दिलं आणि ती डोळे उघडून पहिलं काय म्हणाली, तर कपडे भिजत पडलेत. इन्सुलिन घेतलं होतं आणि जेवायच्या आधी दोन कपडे काढून टाकू म्हणून धुवायला बसली होती. डॉक्टर मला नंतर म्हणाले की मी संध्याकाळी घरी येईपर्यंत ती तशीच पडून राहिली असती, तर ते काही करू शकले नसते. वहिनींचा फोन ठेवला आणि मी पारीवरच खाली बसून रडलो. सांगायला लाज कशाची?

तसाच परत निघालो. त्या घाईत दयारामभाऊंचा निरोपही घेतला नाही. मनोहरने दुसऱ्या दिवशी फोनवर सांगितलं, ते तिथूनच उठून बोडीवर गेले, रंग धुतला, लुगडं घडी करून ज्या घरचं त्या घरी देऊन आले. त्यांना कोणी काही बोललं नव्हतं. दंडारीत त्या दिवशी राधा दुसऱ्यानेच केली.

सुनंदा हिंडू-फिरू लागल्यावर आम्ही दोघं त्यांच्याकडे गेलो. मी पाय धरायला वाकलो तर त्यांनी मला वरच्या वर पकडलं. मला खरं तर माफी मागायची होती. माझ्यामुळे त्यांची राधा गेली, तरणेपणापासून जपलेली. ते म्हणाले, कधीतरी सोडायचीच होती, आता मिशी तरी राहील, बायको खूश आहे. पण हे बोलताना ते माझ्याकडे बघत नव्हते. मला समजलं काय गेलं आहे ते. सुनंदालाही समजलं असावं, कारण ती बराच वेळ त्यांचा हात हातात घेऊन बसली होती. मग तिने त्यांना विचारलं की मी हाका मारत होते, त्या कोणाला?

"ते ऐकू नाई आलं बाई. फोटोच होता तो," दयारामभाऊ म्हणाले. "पण तुमचं तोंड पाहून मलेच हाका मारून राह्यल्या, असं वाटलं."

आता तुमचे प्रश्न. मीच ते आधी स्वतःला विचारले आहेत. मनोहर आमच्या घरी शेवटचा आला तेव्हा ती पपई लावलेलीही नव्हती. दयारामभाऊ वरोऱ्याला कधी आलेले नाहीत. माझ्या मोबाइलमध्ये घराच्या मागचा एकही फोटो नाही, फोटोग्राफरच्या घरचा फोटो कोण काढतं? योगायोग म्हणायला मी तयार आहे हो, पण त्या योगायोगाला आमच्या पपईचे शेंडे कोणी सांगितले? ती फाइल कॉम्प्युटरवर मोठी करून करून पाहिली. कुंकू, नथ, गालावरचा पिवळट रंग, डोळ्यांच्या कडेच्या सुरकुत्या. दुसरं काहीही नाही. भूत-देवावर माझा आजही विश्वास नाही. मग हे काय होतं, ते मला माहीत नाही. कोणाचे आभार मानायचे एवढं मात्र नक्की माहीत आहे आणि ते मी रोज मानतो.

तो फोटो आता त्या समाजमंदिरात आहे, आणि एक मोठी कॉपी आमच्या हॉलमध्ये. सुनंदाचा हट्ट. घरी नवीन माणूस आलं की विचारतंच, ही लाल लुगड्यातली बाई कोण? मी सांगायला सुरुवात करतो... झाडी, मंडई, दंडार... तोपर्यंत सुनंदा स्वयंपाकघरातून बोलून मोकळी झालेली असते, "माझी मोठी बहीण आहे. सिंदेवाहीकडे असते."