मायचे गुडघे आणि बुद्धगयेच्या पायऱ्या

बुद्धगयेला निघालो ते मायच्या हट्टापायी. साठच्या दशकातली गोष्ट. आमचं खेडं कटंगीजवळ. बौद्ध होऊन काही वर्षं झाली होती, आणि धानाची कापणी उरकली की मायचं एकच पालुपद, "बुद्धाले जिथं ग्यान भेटलं, तिथं नवे तांदूळ माह्या हातानं वाहाचे हायेत."

"गुडघ्याचं काय, बाई?" सोबत येणाऱ्या मामानं विचारलं.

"दुखते ते तुहे. माहे रोवणी करून करून लोखंडाचे झाले."

बालाघाटहून छोट्या लाईनची गाडी. नैनपूरच्या जंगलात ती इतकी रमतगमत चालली, की मामा उतरून पायी जायच्या गोष्टी करू लागला. जबलपूरहून मोठी लाईन, मुगलसरायला पुन्हा गाडी बदलायची. तिथल्या रेटारेटीत माझी एक चप्पल फलाटावर राहिली. दुसरी मीच रागानं खिडकीबाहेर फेकली. पुढचा सगळा प्रवास अनवाणी!

गयेपर्यंत शिदोरी संपली होती. स्टेशनाबाहेर कांदा-मीठ घालून कालवलेला सत्तू, म्हणजे भाजक्या हरभऱ्याचं पीठ, मिळाला, स्वस्त आणि पोटभर. मायनं त्याला चिखल म्हणत दोनदा मागून खाल्लं. तिकडे गेलात तर जरूर खा, आणि थंडीत जाणार असाल तर जाड घोंगडी विसरू नका. आम्ही विसरलो होतो.

धर्मशाळेच्या दारातल्या माणसानं विचारलं, "कौन बिरादरी?"

"बौद्ध," माय ताठ मानेनं म्हणाली.

"जगह नहीं है."

आत अर्धी धर्मशाळा रिकामी दिसत होती. आम्ही स्टेशनाच्या मुसाफिरखान्यात पथारी टाकली. संतापानं मला रडू आलं.

"काहून रडून राह्यली व? उद्या पोचतोच ना आपण," माय म्हणाली.

सकाळी टांग्यानं बुद्धगया. तिथलं मंदिर खोलगट जागेत आहे, पायऱ्या उतरून जावं लागतं. मी आणि मामा उतरलो, वळून पाहतो तर माय वरच, लोकांच्या चपलांपाशी, तांदळाची पुरचुंडी धरून उभी.

"तुमी जा. मले इथूनच दिसून राह्यलं."

मी खवळून परत वर गेले. "एवढ्या दुरून आली अन् इथं थांबतं? कोण अडवते तुले आता?"

"कोनी नाही व. पायच उचलून नाही राह्यले."

जन्मभर देवळाबाहेरच थांबवलेले पाय ते.  मामाही वर आला.

तेवढ्यात ब्रह्मदेशाकडची वाटावी अशी एक म्हातारी आली. पायऱ्या पाहून थबकली, काही न विचारता तिनं मायच्या खांद्यावर हात टाकला आणि आपल्या भाषेत काही तरी म्हणाली.

"धीरे, माताजी, धीरे," माय म्हणाली, आणि तिला सांभाळत एकेक पायरी उतरू लागली. मी मागोमाग, श्वास रोखून. दोघी थेट मूर्तीपुढे गेल्या. म्हातारीनं हात काढला, तेव्हा कुठे मायनं वर पाहिलं.

"अवं! मी आत आली काय?"

तिनं पुरचुंडी सोडून नवे तांदूळ मूर्तीपुढे वाहिले. मी मात्र पोटभर रडले, या वेळी आनंदानं.

परतीची गाडी, थंडी, धक्के आता फारसे आठवत नाहीत. पुढे आमच्या गावात छोटं विहार झालं. पहिल्या पौर्णिमेला कितीतरी म्हाताऱ्या सवयीनं चपलांपाशीच उभ्या राहिल्या. माय एकेकीजवळ जायची आणि तोंड कसनुसं करून म्हणायची, "बाई, माहा गुडघा लय दुखून राह्यला. आतपर्यंत हात देतं काय?"

तिचे गुडघे शेवटपर्यंत ठणठणीत होते.